उलट्या सीटवरचे मास्तर

मास्तर सातारा-सांगली रस्त्यावर काही वर्षं फिरले, पण तो रस्ता त्यांनी कधी समोरून पाहिला नाही. आमच्या मोटारीत मधोमध एक घडीची सीट होती. आबांनी ती सुताराकडून उलटी फिरवून घेतली होती. मास्तर तिच्यावर ड्रायव्हरकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून बसत. येणारं गाव आम्हाला दिसे, गेलेलं गाव त्यांना. उंब्रज आलं हे त्यांना उंब्रज मागं पडल्यावर कळायचं.

एकदा आबांनी विचारलं, "मास्तर, सीट सरळ करून देऊ का? मळमळत असेल."

मास्तरांनी तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाले, "येणारं बघत बसलेला माणूस शिकवू शकत नाही, रावसाहेब. तो स्वतःच शिकत असतो."

आबांना हे फार पटलं असावं. पुढं बरेच दिवस ते हे वाक्य ओव्हरसियर लोकांना स्वतःचं म्हणून ऐकवत होते.

आबा म्हणजे आमचे वडील. रस्त्यांचे आणि मोऱ्यांचे ठेकेदार. शिरवळपासून सांगलीपर्यंत कुठं ना कुठं त्यांचं काम चालू असे. 'रावसाहेब' ही पदवी त्यांना सरकारनं दिलेली नव्हती. ती गवंड्यांनी दिली होती आणि आबांनी ती परत केली नव्हती. कडेगावकडच्या शेतकरी घरातला माणूस, शिक्षण मराठी चौथी, पण हॅट, छडी आणि कापडी टपाची लांबलचक मोटार. लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाच्या गॅसचं एक लोखंडी पिंप जोडलेलं होतं. त्यामुळे आबांचा सगळा रुबाब काळ्या धुरातून बाहेर पडायचा. उतरल्यावर ते आधी नाक पुसत आणि मग रुबाब करत.

आई गेली आणि आबांनी घरात बसणं सोडलं. साताऱ्याच्या घराला बहुतेक वेळ कुलूप. मी आणि धाकटी शालू आबांबरोबर मोटारीत, आणि मुक्काम असेल त्या डाकबंगल्यात. आमची शाळा अर्थातच सुटली. कुणी विचारलं की आबा सांगत, "मोठ्या घराण्यांत मुली शिक्षकाकडे जात नाहीत. शिक्षक मुलींकडे येतो." आमचं घराणं मोठं कधी झालं याची मला कल्पना नाही. आमचा ड्रायव्हर हणमा वेगळं सांगायचा. "मागली सीट रिकामी आसली की सायेब सारकं मागं वळून बगत्यात. मान आखडती त्येंची. म्हणून तुमास्नी बरोबर घेत्यात."

मास्तर आमच्याकडे आले ते नोकरी गेल्यावर. ते मूळचे वाईचे, साताऱ्याच्या एका शाळेत शिकवत. त्या शाळेत एकदा मोठे तपासणी अधिकारी यायचे होते. तोरणं बांधली, रांगोळी काढली, मुलांना धुतलेले सदरे घालून तासन्‌तास बसवलं. साहेब आले ते दुपार कलल्यावर. मास्तरांचा तास चालू होता. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "उशीर झाला. मागं बसा." साहेब म्हणे खरोखरच मागं बसले आणि तास संपेपर्यंत बसून राहिले. पण हेडमास्तरांना ते सहन झालं नाही. ही हकीगत आबांनी कुठूनतरी ऐकली आणि त्याच आठवड्यात मास्तरांना बोलावून घेतलं. आबांना थाटामाटाची हौस होती, पण दुसऱ्याचा थाट उतरलेला पाहण्याची त्याहून जास्त.

मास्तरांच्या शिकवण्यात पुस्तक नव्हतं. हलत्या मोटारीत अक्षरं उड्या मारतात आणि शालूला पान बघितलं तरी उलटी व्हायची. तेव्हा सगळी विद्या तोंडी. ती कुठं ठेवायची याची मास्तरांनी एक सोय केली होती. त्यांनी रस्ता विषयांत वाटून टाकला. साताऱ्याहून अतीतपर्यंत गणित. तिथून कराडपर्यंत इतिहास. कराडचा पूल आला की सगळे गप्प. "पुलावर शिकवू नये. खाली पाणी चाललेलं असतं, मुलांचं लक्ष त्याच्याबरोबर जातं." मलकापूरपासून पेठ गावापर्यंत व्याकरण, इस्लामपूर ते आष्टा भूगोल, आणि तिथून सांगलीपर्यंत पाठांतर. परतीच्या वाटेवर तेच उलट्या क्रमानं. सतराचा पाढा नागठाण्याच्या वडांना टांगलेला होता. आफ्रिकेतल्या नद्या आष्ट्याच्या अलीकडच्या उसाच्या फडांतून वाहायच्या. काही विसरलं की मास्तर म्हणायचे, "मनात गाडी मागं घ्या." आम्ही मनात गाडी मागं घ्यायचो आणि वडापाशी आलो की पाढा सापडायचा.

बेचाळीसनंतरचे दिवस. जागोजागी पोलीस मोटारी अडवत. कराडच्या अलीकडे एका फौजदारानं आत डोकं घालून दरडावलं, "गाडीत काय आहे?"

"आत्ता इतिहास आहे," मास्तर म्हणाले. "पूल ओलांडला की व्याकरण."

आम्हाला तिथं बराच वेळ उन्हात उभं केलं. हणमा पिंपात कोळसा घालता घालता पुटपुटत होता, "आवं मास्तर, कवातरी नुसतं 'काय न्हाई' म्हणावं की मानसानं."

"काही नाही असं कसं म्हणू?" मास्तर म्हणाले. "दोन मुली आहेत."

पण मास्तरांची खरी करामत वेगळी होती. रस्त्याकडे पाठ असूनही पुढं काय आहे ते त्यांना कळायचं. ते आमची तोंडं वाचायचे. शिकवता शिकवता म्हणत, "हणमंतराव, जरा हळू, बैलगाडी आडवी येतेय." आणि ती येत असायची. शालूनं एकदा त्यांना फसवायचं ठरवलं. समोर मोकळा रस्ता असताना तिनं डोळे विस्फारले, तोंड उघडलं, दोन्ही हात गालांवर. मास्तर जागचे हलले नाहीत. "खोटं आहे," ते म्हणाले. "खरी भीती आधी पायात येते. तुझे पाय सुखात आहेत."

आई गेल्यावर आमच्या तोंडांकडे इतका वेळ दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. आबा पुढं बसत. आम्हाला त्यांची हॅट दिसे.

मास्तरांना घर होतं का, बायको होती का, कधी होती का, हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. साताऱ्यात ते एका खोलीत राहत. आबांना ताप आला किंवा कोळसा मिळाला नाही की मोटार दारात उभी राहायची. मास्तर अशा दिवशीही वेळेवर येत. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, काखेत छत्री. मी म्हणायचे, "मास्तर, आज घरातच शिकवा ना." ते म्हणायचे, "घरात शिकवलेलं घरातच राहतं." मग उभ्या मोटारीत चढून आपली सीट रुमालानं पुसत, जरा वेळ तिच्यावर बसत आणि निघून जात. खिडकीतून आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं, पण आम्हाला हसायला दुसरं कुणी मिळत नव्हतं.

कासेगावात रस्त्याला लागूनच एक शाळा होती. आमची मोटार तिथून जायची ती बहुधा मधल्या सुट्टीत. मुली लिंबाखाली फुगड्या घालत असायच्या. धूर काढणारी मोटार बघून त्या धावत कुंपणाशी यायच्या, हात हलवायच्या, आणि मग कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि सगळ्या वाकून वाकून हसायच्या. काय बोलायच्या ते मला कधीच ऐकू आलं नाही. मी त्यांना नावं ठेवली होती. उंच होती ती सुमन, सर्वांत मागं उभी राहायची ती वत्सला. सुमनचं आणि वत्सलाचं मधे भांडण झालं होतं, तेही मीच लावलं होतं आणि मीच मिटवलं होतं. त्या टप्प्यात व्याकरण असायचं. माझं व्याकरण आजही कासेगावच्या आसपास जरा कच्चं आहे.

आमच्या आत्याबाई होत्या कराडला. आबांपेक्षा मोठ्या, आणि आबांच्या हॅटला न भिणाऱ्या जगातल्या एकमेव. एका मुक्कामात त्यांनी आबांना ओसरीवर बसवलं.

"मोटारीत वाढलेल्या पोरी कोण करून घेणार रं? डायवर?"

"शिकताहेत त्या, आक्का."

"धुरात शिकत्यात. थोरली बघ की, झाडांशी बोलती. सांगलीला मुलींची शाळा हाय, राहायची सोय हाय. यंदा घाल. न्हाईतर मी न्हेऊन घालते."

आक्कांपुढं आबांचं चालत नसे. सांगलीच्या वाटेवर त्यांनी मान न वळवता मास्तरांना सांगितलं, "शाळेच्या मोठ्या बाई मुलींची परीक्षा घेणार आहेत. पास झाल्या तर झाल्या. मग तुमचं आमचं काम संपलं. नाही झाल्या तर आक्काला सांगता येईल, आणि आपलं चाललंय ते चालू राहील."

"बरं," मास्तर म्हणाले. नंतर बराच वेळ त्यांनी काहीच शिकवलं नाही. पूलसुद्धा नव्हता.

मोठ्या बाईंची खोली अशी होती की तिच्यात शिरल्यावर माणसाला आपण काहीतरी चोरलं आहे असं वाटावं. टेबलावर पितळी घंटा, भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी. आम्हाला एका बाकावर बसवलं. बाई म्हणाल्या, "आफ्रिकेतल्या मोठ्या नद्या सांग."

मला नद्या येत होत्या. पण त्या आष्ट्याच्या पलीकडे उसात होत्या. मी मनात गाडी मागं घेतली, ती देणगीदारांच्या भिंतीला लागली. समोर बाईंची घंटा होती, ती जागची हलत नव्हती. शालूला सतराचा पाढा विचारला. तिनं एकदा उजवीकडं पाहिलं, एकदा डावीकडं पाहिलं, वड कुठंच नव्हता. ती रडायला लागली.

बाई वाईट नव्हत्या. "मुली मठ्ठ दिसत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण वर्गात बसण्याजोग्या झालेल्या नाहीत. पुढच्या वर्षी पाहू."

आबांनी हॅट उचलली. ती इतक्या चटकन उचलली की मला तेव्हाही आश्चर्य वाटलं. "आभारी आहे," ते म्हणाले. "चला, मास्तर."

मास्तर उठले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मग बाईंना म्हणाले, "बाई, मोटार बाहेर उभी आहे. आपण आष्ट्याच्या थोडं पुढं याल?"

"कशासाठी?"

"मुलींना सगळं येतं. फक्त ते इथं नाही, रस्त्यावर आहे."

"मास्तर," आबा म्हणाले, "बाई नाही म्हणाल्या आहेत."

"बाकापुरतं म्हणाल्या आहेत, रावसाहेब."

आबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. खोली मोठी नव्हती, सगळं ऐकू येत होतं. "मास्तर, तुम्हाला कळतंय ना? त्या पास झाल्या तर तुम्ही कुठं जाणार?"

"वाईला," मास्तर म्हणाले. "कासेगावची शाळा आली की थोरलीचं तोंड कसं होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही पुढं बघत असता. मी रोज पाहतो."

आबांनी हॅट पुन्हा खाली ठेवली.

बाईंनी नकार दिला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बाई मोटारीत कधी बसल्या नव्हत्या, आणि सांगलीच्या पेठेतून मोटारीतून जाताना आपल्याला लोक बघतील हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "परीक्षा म्हणजे परीक्षा," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "कुठंही घेता येते." त्या आबांच्या जागेवर बसल्या. आबा शाळेच्या व्हरांड्यात छडी घेऊन उभे राहिले. पेठेच्या टोकाला बाई म्हणाल्या, "माझा रुमाल राहिला वाटतं, जरा परत वळवा." परत वळवली. रुमाल कमरेलाच होता. पेठ मात्र दोनदा झाली.

आष्ट्यापर्यंत आम्ही पाठांतर म्हटलं. आष्टा मागं पडलं आणि उसाचे फड सुरू झाले तशा आफ्रिकेतल्या सगळ्या नद्या मोठ्या बाईंच्या अंबाड्याला उद्देशून धडाधड वाहू लागल्या. मी नद्या म्हटल्या, शालूनं समुद्र म्हटले, मी पर्वत म्हटले. मास्तर आमच्याकडे बघत गप्प बसून होते. एका शब्दानं मदत केली नाही. मग गाडीचा दम संपला. हणमानं खाली उतरून पिंप ढवळलं, बाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर काजळी बसली.

"गणित राहिलं," बाई काजळी झटकत म्हणाल्या.

"गणितासाठी नागठाण्यापर्यंत यावं लागेल," मास्तर म्हणाले.

बाईंनी पिंपाकडे पाहिलं. "गणिताचं मी गृहीत धरते."

अशा रीतीनं आम्ही पास झालो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रंका घेऊन निघालो. त्या प्रवासात मास्तरांनी विषयांचा क्रम पहिल्यांदा मोडला. कराडपासूनच त्यांनी एक गोष्ट सुरू केली. दक्षिण ध्रुवाकडे चालत निघालेल्या माणसांची. कराडच्या पुलावरही ते बोलत राहिले. ती माणसं ध्रुवावर पोचली तेव्हा दुसरेच कुणी आधी तिथं येऊन गेलेले होते. मग ती परत फिरली. बर्फ, उपासमार, एकेक गडी कमी होत चाललेला. सांगलीच्या वेशीशी आलो तेव्हा वादळ सुटलं होतं आणि उरलेले लोक तंबूत पडून होते.

गाडी थांबली. मास्तर सवयीनं म्हणाले, "पुढचं उद्या," आणि मग लवंगेसाठी खिशात हात घालून बराच वेळ शोधत राहिले.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "तू आधी कुठल्या शाळेत होतीस?" मी म्हटलं, "मोटारीत." ती वाकून वाकून हसली. जवळून हसणं असं ऐकू येतं तर, असं मला वाटलं. आठवड्याभरात मी तिच्याशी खरंखुरं भांडले, आणि ते मिटवायला तीही होती.

आबा भेटायला आले ते बऱ्याच दिवसांनी. मोटारीत मधली सीट नव्हती. मागं सिमेंटची पोती होती. मास्तर वाईला गेले, एवढंच त्यांनी सांगितलं. मग शाळेबद्दल विचारलं, जेवणाबद्दल विचारलं, शालूची वेणी कोण घालतं ते विचारलं. निघायला म्हणून उठले आणि पुन्हा बसले. हॅट हातात फिरवत राहिले.

"ती माणसं," ते म्हणाले.

"कुठली?"

"बर्फातली. परत आली का गं?"

मला माहीत होतं. शाळेच्या कपाटात पुस्तक होतं आणि मी ते तिसऱ्याच दिवशी वाचून काढलं होतं. पण आबांचं तोंड मी प्रथमच इतका वेळ समोरून बघत होते. म्हटलं, "मला नाही ठाऊक. मास्तरांना विचारा ना."

"त्यांना मी कसं विचारणार?" आबा म्हणाले. "मी काय त्यांच्याकडं शिकायला होतो?"

बाहेर हणमा कोळशाचे हात पुसत उभा होता. मी आबांच्या नकळत त्याला विचारलं, मास्तर भेटतात का. "कसलं भेटत्यात, ताई," तो म्हणाला. "सायबांचं काम हाय साताऱ्यात. तरीबी वाईला गाडी घ्यायला लावत्यात. मास्तरांच्या बोळाच्या तोंडाला हुबी करायची. खाली उतरत न्हाईत. बसून ऱ्हात्यात आन्‌ जरा वेळानं म्हणत्यात, चल. लय कोळसा जळतुया बगा."

मी शालूला काही सांगितलं नाही. त्या महिन्यात वर्गात आफ्रिका आली, माझा हात सारखा वर जात होता, आणि घंटा झाली की मी ते विसरूनही जात होते.

पुढच्या खेपेला आबा आले तेव्हा त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. खुर्चीवर बसले आणि हॅट गुडघ्यावर ठेवली.

"न्हाई आली," ते म्हणाले. आबा दमलेले असले की गावाकडचं बोलायचे. "खायचा साठा जवळच ठेवला व्हता म्हणं. वादळामुळं तंबूतनं भाईर पडता आलं न्हाई त्येंला. जवळच व्हता पर."

 बाहेर मुली सूरपारंब्या खेळत होत्या आणि माझ्या नावानं हाका मारत होत्या.

"मास्तर कसे आहेत, आबा?"

आबांनी हॅटवरची काजळी नखानं खरवडली.

"चहा बरा करतात," ते म्हणाले.